व्हीलचेअरसह थीम पार्क: तिकिटाआधी मांडायचा हिशेब

हिंगोली जिल्ह्यातल्या कनेरगाव नाक्यावरून सहकुटुंब थीम पार्कला जायचं आहे आणि घरातलं एक माणूस व्हीलचेअरवर आहे, तर तिकीट सगळ्यात शेवटी काढा. आधी कागदपत्रं, मग पार्कशी लेखी बोलणं, मग प्रवास, मग खोली, आणि ही चारही कामं पक्की झाल्यावर तिकीट. बहुतेक घरांत हा क्रम उलटा होतो. ऑफर दिसते, तिकिटं काढली जातात, ती बहुधा परत होत नाहीत, आणि गेटवर गेल्यावर कळतं की ज्याच्यासाठी निघालो त्यालाच दिवसभर सावलीत बसून पिशव्या सांभाळायच्या आहेत.

पैशांचा अंदाज आधी देतो. देशातल्या मोठ्या पार्कांचं एका दिवसाचं तिकीट साधारण हजार ते दोन हजार रुपयांच्या पट्ट्यात असतं. वार, हंगाम आणि ऑफरप्रमाणे ते रोज बदलतं. पाच जणांचं घर धरलं आणि सरासरी 1,500 धरले, तर तिकिटांचे झाले 7,500. आता गाडी पाहा. हैदराबाद इथून रस्त्यानं साधारण चारशे किलोमीटर. जाऊन-येऊन आठशे, तिथलं फिरणं शंभर, एकूण नऊशे. सात सीटर गाडी 15 रुपये किलोमीटरनं ठरली तर 13,500. त्यावर चालकाचा भत्ता, टोल, पार्किंग आणि परराज्याचा कर. म्हणजे गाडीच तिकिटांच्या दुप्पट होते. वाचवायचं असेल तर प्रवासात वाचतं, तिकिटाच्या पाच टक्के कूपनात नाही.

कुठे जायचं

नाक्यावरून तीन पर्याय व्यवहारात येतात: हैदराबादचं वंडरला, हैदराबादचीच रामोजी फिल्म सिटी, आणि रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळचं इमॅजिका.

हैदराबाद सोयीचं, कारण रेल्वे न बदलता जाता येतं. अकोला–पूर्णा मार्गावरून हैदराबादच्या काचीगुडा आणि हैदराबाद स्टेशनांकडे जाणाऱ्या गाड्या हिंगोलीवरून जातात. वंडरला 2016 साली सुरू झालं, ते रावीर्यालला, बाह्यवळण रस्त्याला लागून आहे. रामोजी विजयवाडा रस्त्यावर, शहराच्या पूर्वेला. दोन्ही ठिकाणं शहराबाहेर आहेत, त्यामुळे स्टेशनवरून टॅक्सीचा खर्च धराच.

इमॅजिका 2013 पासून आहे, मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाजवळ. रस्त्यानं इथून साडेपाचशे ते सहाशे किलोमीटर. रेल्वेनं जायचं तर हिंगोली–मुंबई जनशताब्दी आहे. ती आधी जालन्याहून सुटायची, 2024 मध्ये हिंगोलीपर्यंत आली. पण जनशताब्दी बसून जायची गाडी आहे, आडवं होता येत नाही. ज्यांना तीन-चार तासांपेक्षा जास्त बसवत नाही, पाठीवर किंवा बैठकीवर जखमा होण्याची भीती आहे, त्यांना या गाडीत घालू नका. त्यांच्यासाठी हैदराबादची झोपून जायची गाडी बरी.

रामोजीबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. ती फिल्म सिटी आहे, आवार अवाढव्य आहे, आणि एका भागातून दुसऱ्या भागात बसनं नेतात. चित्रपटांचे सेट, बागा, स्टेजवरचे कार्यक्रम हे बघायचं ठिकाण आहे. म्हणून राइडवर बसता न येणाऱ्या माणसाला तिथे खरं तर जास्त मजा यायला हवी. अडचण बसची. पायऱ्या चढता येत नसतील तर प्रत्येक थांब्याला माणसाला उचलून चढवायचं, खुर्ची मिटवायची, उतरल्यावर पुन्हा उघडायची. दिवसात हे किती वेळा करावं लागेल ते आधी विचारा. व्हीलचेअरसाठी वेगळी गाडी मिळते का, तिचे वेगळे पैसे पडतात का, तिच्यात घरातले किती जण बसू शकतात, हेही त्याच फोनवर विचारा. उचलणारी दोन धडधाकट माणसं सोबत नसतील आणि पार्ककडून लेखी होकार नसेल, तर रामोजीचा विचार सोडा. वंडरला किंवा इमॅजिकाला एकदा आत गेलं की फिरणं जमिनीवरचं असतं, ते झेपतं.

कागद आधी, तेही तीन महिने आधी

पहिला कागद दिव्यांगांचं वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी. नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा आणि तपासणीसाठी हिंगोलीचं जिल्हा रुग्णालय निवडा. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि जुने उपचारांचे कागद लागतात. 2024 च्या सुधारित नियमांत प्रमाणपत्र देण्यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे, म्हणून दिवाळीनंतर जायचं तर अर्ज पावसाळ्याच्या सुरुवातीला हवा. अर्ज केल्याची पावती म्हणजे ओळखपत्र नव्हे, सवलतीसाठी ती चालत नाही. एजंटला पैसे देऊ नका, अर्ज मोफत आहे.

दुसरा कागद रेल्वेचा. तिकीट सवलतीसाठी रेल्वे स्वतःचं दिव्यांगजन कार्ड देते. आपला भाग दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येतो. अर्ज ऑनलाइन होतो. सोबत दिव्यांग प्रमाणपत्र, रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातलं सरकारी डॉक्टरांच्या सहीचं सवलत प्रमाणपत्र, फोटो, जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. त्या नमुन्यात एक वाक्य फार महत्त्वाचं आहे: ही व्यक्ती सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही. अस्थिव्यंग असलेल्यांना सवलत त्या वाक्यावर मिळते. डॉक्टरांची सही झाली की तिथेच उभं राहून वाचा. शिक्का पुसट असेल तर तिथेच दुसरा मारून घ्या. पुसट शिक्क्यावरून अर्ज परत आला की पुन्हा हिंगोलीचा हेलपाटा आणि पुन्हा एक रोज बुडतो.

तिसरा कागद कोणी सांगत नाही, पण तो घ्याच: तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांची एका पानाची चिठ्ठी. आजार काय, मान आणि कंबर स्थिर आहे का, झटके येतात का, धक्के किंवा उलटं फिरणं चालेल का, थंड पाणी चालेल का, कोणती औषधं सुरू आहेत. पार्कमधल्या कर्मचाऱ्याशी हुज्जत घालण्यापेक्षा ही चिठ्ठी दाखवणं सोपं जातं. उलट बाजूनंही ती उपयोगाची आहे. डॉक्टरांनी नको म्हटलेल्या राइडवर मुलाच्या हट्टापायी बसवायचं नाही, हे घरात निघण्याआधीच ठरून जातं.

सगळ्या कागदांच्या मूळ प्रती जवळ ठेवा. मोबाइलमधला फोटो ऐन वेळी बॅटरी संपली की कामाचा नाही.

पार्कला काय विचारायचं

फोनवर सगळेच "हो, व्हीलचेअर आहे" म्हणतात. त्यातून काही कळत नाही. फोन करून ईमेल मागून घ्या आणि प्रश्न लिहून पाठवा, हिंदीत किंवा इंग्रजीत. उत्तर लेखी आलं नाही तर दोन दिवसांनी पुन्हा पाठवा. तरीही आलं नाही तर त्या पार्कला जाऊ नका.

पहिला प्रश्न: खुर्चीवरून राइडच्या सीटवर स्वतःला हलवता न येणाऱ्या माणसाला कोणकोणत्या राइडवर बसता येतं? नावांसकट यादी मागा. इथेच खरी गोम आहे. बहुतेक पार्कांत कर्मचारी पाहुण्याला उचलत नाहीत, उचलायचं घरच्यांनी. शिवाय बऱ्याच राइडना दोन्ही हातांनी धरता येणं, पाठ सरळ राहणं आणि राइड मध्येच थांबली तर पायऱ्या उतरून बाहेर येता येणं अशा अटी असतात. या अटी सुरक्षेच्या आहेत, त्या मोडायला लावू नका. पण अटी आधी कळल्या तर पूर्ण तिकिटाचे पैसे भरायचे की नाही हे तुम्ही ठरवू शकता. इमॅजिकाच्या नायट्रोसारख्या रोलर कोस्टरची गोष्ट वेगळी आणि बसल्या जागी बघायच्या कार्यक्रमाची वेगळी. तुम्हाला दुसऱ्या प्रकारातलं काय-काय आहे ते हवं आहे. सिम्युलेटरच्या खेळाला फसू नका. तो सिनेमाच्या पडद्यासमोर होतो, पण सीट जोरात हलते, आणि मानेला आधार नसलेल्या माणसाला तो झेपत नाही.

दुसरा प्रश्न: व्हीलचेअरवरच्या व्यक्तीला आणि सोबत्याला तिकिटात सवलत आहे का? दिव्यांग हक्क कायदा खासगी पार्कला तिकीट स्वस्त करा असं सांगत नाही. जी सवलत असेल ती पार्कच्या मर्जीची. म्हणून ती ऑनलाइन मिळते की फक्त खिडकीवर, आणि दुसऱ्या ऑफरसोबत चालते का, हे विचारा. पुष्कळदा ऑनलाइन ऑफर सवलतीपेक्षा स्वस्त पडते. तेव्हा दोन्ही आकडे कागदावर मांडा.

तिसरा: रांगेचं काय? रांगेच्या वाटा लोखंडी कठड्यांच्या, नागमोडी आणि अरुंद असतात, खुर्ची तिथे वळत नाही. त्या राइडला वेगळा दरवाजा आहे का? बहुतेक ठिकाणी बाहेर पडायच्या वाटेनं आत घेतात. ही सोय मोफत आहे की रांग टाळायचा महागडा पास घ्यावा लागेल, हे स्पष्ट लिहून घ्या. रांगेत खुर्ची मावत नाही म्हणून कोणाला जास्त पैसे भरायला लावणं चुकीचं आहे, आणि ते मान्य करू नका. वेगळ्या दरवाजानं किती जणांना सोबत सोडतात, तेही विचारा. दोन मुलं उन्हात रांगेत आणि आई-वडील आत, असं व्हायला नको.

चौथा: मोठ्या दाराचं, कठडे असलेलं शौचालय नेमकं कुठे आहे, आणि एकच आहे का? पाचवा: प्रथमोपचार केंद्रात पलंग आहे का? डायपर बदलायला, लघवीची पिशवी रिकामी करायला, दुपारी अर्धा तास आडवं पडायला त्याच्यासारखी जागा पार्कात दुसरी नाही. आत शिरताच आधी हे केंद्र बघून घ्या, तिथल्या परिचारिकेशी दोन शब्द बोलून ठेवा.

सहावा, फक्त पाण्याच्या पार्कसाठी: खुर्ची पाण्याच्या किती जवळ नेता येते? लाटांच्या तलावाला उतरता उतार असतो, पायऱ्या नसतात, म्हणून बसता न येणाऱ्यालाही काठावरच्या उथळ पाण्यात घेऊन बसता येतं. तुमची रोजची खुर्ची मात्र पाण्यात घालू नका. बेअरिंग गंजतं, गादी दोन दिवस वाळत नाही, आणि ओल्या गादीवर परतीचा प्रवास म्हणजे कातडीला जखम ठरलेली. पाण्यातली वेगळी खुर्ची पार्ककडे आहे का विचारा. बहुतेक ठिकाणी नाही म्हणतील, तरी विचारा. अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओला मॉर्गन्स वंडरलँड नावाचं पार्क 2010 पासून दिव्यांगांना धरूनच बांधलेलं आहे. दिव्यांगांना तिथे प्रवेश मोफत आहे, आणि 2017 पासून शेजारच्या पाण्याच्या पार्कात दाबाच्या हवेवर चालणाऱ्या, भिजल्या तरी न बिघडणाऱ्या खुर्च्या मिळतात. मुलगा-मुलगी तिकडे असेल आणि नातवंडं-आजोबा असा बेत असेल तर ते नाव लक्षात ठेवा. आपल्याकडच्या पार्कांना हे अशक्य नाही, फक्त विचारणारे कमी पडतात.

प्रवासाचा खर्च आणि त्यातल्या खाचाखोचा

रेल्वेची सवलत मोठी आहे. सोबत्याशिवाय जाऊ न शकणाऱ्या अस्थिव्यंग व्यक्तीला स्लीपर, सेकंड क्लास, थर्ड एसी आणि एसी चेअर कारमध्ये मूळ भाड्यावर 75 टक्के, तर फर्स्ट आणि सेकंड एसीत 50 टक्के सूट मिळते. राजधानी-शताब्दीच्या थर्ड एसी आणि एसी चेअर कारमध्ये ती 25 टक्क्यांवर येते. तेवढीच सूट एका सोबत्यालाही. समजा मूळ भाडं 400 आहे, तर दोघांचे मिळून 800 ऐवजी 200. सूट फक्त मूळ भाड्यावर असते. आरक्षण शुल्क आणि सुपरफास्टचा अधिभार पूर्ण भरावा लागतो. तात्काळ कोट्यात कोणतीच सवलत नाही. म्हणून तिकीट वेळेवर काढा: आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. स्लीपरमध्ये दिव्यांगांसाठी चार बर्थ राखीव असतात, दोन खालचे आणि दोन मधले. कोटा निवडून तिकीट काढा, नाही तर वरचा बर्थ येईल आणि गाडीत लोकांच्या विनवण्या कराव्या लागतील.

बऱ्याच मेल-एक्स्प्रेस गाड्यांना दिव्यांगांचा वेगळा डबाही असतो, गार्डाच्या डब्याला लागून, गाडीच्या एका टोकाला. दार रुंद, शौचालय मोठं. पण त्यात दिव्यांग आणि एक सोबती एवढेच. मुलं दुसऱ्या डब्यात. त्यामुळे मोठी माणसं तीन तरी हवीत. आत धडधाकट माणसं बसलेली दिसली तर 139 ला फोन करा.

चढायचं कुठून? कनेरगाव नाका स्टेशनावरून नको. हिंगोली डेक्कन किंवा वाशीम गाठा. आदल्या दिवशी फोन करून खुर्ची आणि मदत सांगून ठेवा, पण भिस्त तुमच्या माणसांवर ठेवा, कारण गाडी मोजकीच मिनिटं थांबते. साध्या डब्याच्या दारातून आणि आतल्या बोळातून खुर्ची जात नाही. माणसाला उचलून बर्थपर्यंत न्यावं लागतं. एकानं आधी चढून बर्थ मोकळा करायचा, दोघांनी माणूस घ्यायचा, चौथ्यानं मिटवलेली खुर्ची शेवटी आत टाकायची. हे घरी ओसरीवर एकदा करून बघा. काचीगुड्याला उतरताना हमाल लागला तर दर स्टेशनावर लावलेले असतात, ते वाचून मगच हो म्हणा.

एसटीत दिव्यांगांना साध्या आणि निमआराम गाडीत 75 टक्के, शिवशाहीत 70 टक्के सवलत आहे. दिव्यांगत्व 65 टक्क्यांवर असेल तर सोबत्याला अनुक्रमे 50 आणि 45 टक्के. घरातल्या बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत. ही महिलांची सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे, हैदराबादच्या गाडीत देगलूरपलीकडे ती धरू नका. खरं सांगायचं तर एसटीच्या पायऱ्या उंच आहेत. स्टेशन गाठायला एसटी ठीक, चारशे किलोमीटरला नको.

भाड्याची गाडी करणार असाल तर ठरवण्याआधी खुर्ची घेऊन जा आणि डिकीत ठेवून बघा. इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. गाडी सीएनजीवर असली की डिकीत टाकी असते आणि मिटवलेली खुर्चीसुद्धा बसत नाही. मग ती टपावर, आणि टपावरची दोरी सैल झाली तर नांदेडच्या पुढे कुठे तरी रस्त्यावर. सात सीटर गाडीत मागची ओळ पाडली तर खुर्ची मावते, पण मग गाडी पाच जणांचीच उरते. सामान आणि खुर्ची धरून सीट मोजा.

भाव ठरवताना या गोष्टी वहीवर लिहून घ्या: किलोमीटरचा दर, दिवसाला किमान किती किलोमीटर धरणार (बहुतेक जण 250 ते 300 धरतात, म्हणजे पार्कमध्ये गाडी उभी असलेल्या दिवसाचेही पैसे लागतात), चालकाचा रोजचा भत्ता, रात्रीचा वेगळा आकार, टोल कोणाचा, आणि तेलंगणात शिरताना लागणारा कर किंवा परवाना कोणाचा. चालक "सीमेवर बघू" म्हणाला तर ते पैसे तुमच्याच खिशातून जाणार. टोलमाफीच्या भरवशावर राहू नका. राष्ट्रीय महामार्गावर ती दिव्यांगांसाठी खास बनवलेल्या आणि तशी नोंद असलेल्या वाहनाला आहे, दिव्यांग माणूस बसलेल्या कोणत्याही गाडीला नाही. इमॅजिकाला समृद्धी महामार्गानं जायचं तर एप्रिल 2025 च्या दरानं कारला किलोमीटरमागे 2 रुपये 6 पैसे टोल आहे. चारशे किलोमीटर धरले तर एका बाजूचे सव्वाआठशे.

खोली

हॉटेलवाल्याला "व्हीलचेअर चालेल ना" विचारू नका. तो हो म्हणेल. तुमच्या खुर्चीची एका चाकाच्या कडेपासून दुसऱ्या चाकाच्या कडेपर्यंतची रुंदी टेपनं मोजा. साधारण 60 ते 70 सेंटिमीटर भरते. मग हॉटेलला सांगा, बाथरूमच्या दारात टेप धरून फोटो पाठवा. साध्या लॉजमधलं बाथरूमचं दार पुष्कळदा सव्वादोन-अडीच फुटी असतं, आणि पान पूर्ण उघडत नसेल तर वाट आणखी अरुंद. फोटो आला नाही तर दुसरं हॉटेल बघा. उंबरठा किती, कमोड आहे का, बाजूला धरायला काही आहे का, लिफ्टमध्ये खुर्ची माणसासकट मावते का, लिफ्टपर्यंत पोहोचायला तीन पायऱ्या आहेत का. या शेवटच्या तीन पायऱ्या फार छळतात. सहा इंचाच्या एका पायरीला नीट उतार करायचा तर सहा फुटांची फळी लागते, ती कोणी ठेवत नाही.

खोलीचं भाडं दिवसाला 7,500 रुपयांपर्यंत असेल तर सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 5 टक्के आहे. जुना 12 टक्क्यांचा आकडा लावलेला दिसला तर बिल दुरुस्त करून घ्या. तळमजल्याची खोली घ्या, ती रस्त्याकडेची आणि गोंगाटाची असली तरी. वीज गेली की लिफ्ट बंद, आणि मग वरच्या मजल्यावरचा माणूस वरच.

पार्कच्या आत पैसे कुठे जातात

तिकिटाचा आकडा करासह आहे का बघा. थीम पार्कच्या प्रवेशावर 18 टक्के जीएसटी आहे. 1,500 अधिक कर म्हणजे 1,770. ऑनलाइन तिकिटाला सुविधा शुल्क वेगळं लागू शकतं. लहान मुलांचं तिकीट बऱ्याच पार्कांत वयावर नव्हे, उंचीवर ठरतं, घरीच भिंतीला उभं करून मोजा. लॉकरचं भाडं, लॉकरची अनामत, पाण्याच्या पार्कात नायलॉनचे कपडे नसतील तर त्यांचं भाडं, पार्किंग, फोटो, जेवण. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, पण पथ्याचं किंवा नळीवाटे द्यायचं अन्न असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीत त्याचा उल्लेख करून घ्या आणि ईमेलमध्येच परवानगी मागा. जेवणाच्या बिलात सेवा शुल्क आपोआप लावलं असेल तर काढायला सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 मध्ये ते सक्तीचं नसल्याचं स्पष्ट केलं आणि 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं.

पार्कची खुर्ची घेऊ नका, स्वतःची न्या. तिथल्या खुर्च्या मोजक्या असतात, आधी येईल त्याला मिळतात, अनामत किंवा भाडं लागतं, बसण्याची गादी पातळ असते आणि पट्टा नसतो. घरी खुर्ची नसेल तर साधी मिटणारी पाच-सहा हजारांपासून मिळते, आणि कुटुंबाचं मासिक उत्पन्न 22,500 रुपयांपर्यंत असेल तर केंद्राच्या एडिप योजनेतून मोफत मिळू शकते. त्यासाठी शिबिराची वाट पाहावी लागते, म्हणून सहलीच्या भरवशावर नव्हे, एरवीच अर्ज करा. हात ठेवायच्या दांड्या निघणारी खुर्ची मागा. दांडी निघाली की माणसाला उचलावं लागत नाही, सरकवता येतं.

निघायच्या आदल्या दिवशी खुर्ची नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे न्या. हवा, ब्रेक, पुढच्या लहान चाकांत गुंतलेले केस-दोरे, सैल नट. सोबत हातपंप, एक ट्यूब, दहा-बाराचा पाना आणि कमरेचा पट्टा. पार्कच्या उतारावर खुर्ची नेहमी उलटी, स्वतः पुढे राहून उतरवा.

दिवस मंगळवार ते गुरुवारमधला निवडा. दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा आणि मे महिना टाळा: तिकीट महाग, गर्दी जास्त, आणि पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांना ऊन सोसत नाही, कारण त्यांच्या अंगाला घामच नीट येत नाही. डिसेंबरचे पहिले दोन आठवडे आणि जानेवारीचा उत्तरार्ध उत्तम. दार उघडायच्या अर्धा तास आधी पोहोचा, दुपारी एक ते तीन प्रथमोपचार केंद्रात किंवा थंड सभागृहात, आणि चार वाजता पुन्हा बाहेर.

अडवलं तर

गेटवर खुर्चीमुळे प्रवेशच नाकारला तर ते 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या विरुद्ध आहे. एखाद्या राइडवर सुरक्षेच्या कारणानं नाही म्हणणं वेगळं, तिथे वाद घालू नका, कारण विचारा आणि ते लेखी मागा. पण ज्या राइडची नावं ईमेलमध्ये दिली होती त्यावरच बसू दिलं नाही, तर ती सेवेतली त्रुटी आहे. पाहुणे सेवा कक्षात जाऊन तेव्हाच तक्रार नोंदवा, तिकिटाचे पैसे परत मागा, वेळ आणि कर्मचाऱ्याच्या बिल्ल्यावरचं नाव टिपून घ्या. घरी आल्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. त्यानंही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पार्क हैदराबादला असलं तरी दावा तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे हिंगोलीतच दाखल करता येतो. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. अर्जासोबत तिकीट, बिलं आणि पार्कचं ते लेखी उत्तर जोडा.